झाकणावरचं नाव

आत्याबाई फार वेगानं पोहत होती. इतक्या वेगानं, की मला संशय आला.

हे ऐकून आमची ही म्हणाली, "आता कासवांनाही सोडू नका." पण एकतीस वर्षं मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली आहे. जळालेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या, जिन्यावरून पाय घसरलेली माणसं. त्यातली खरोखर किती घसरली होती ते मला माहीत आहे, आणि तो आकडा मोठा नाही. निवृत्त झालो म्हणून सवय सुटत नाही. भाजीवाल्यानं न मागता दोन मिरच्या जास्त टाकल्या, तर मी घरी येऊन आधी पिशवीतले खालचे टोमॅटो बघतो.

निवृत्तीनंतर पहिला महिना घरात बसलो आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावायला घेतली. झाकणांवर, सुवाच्य अक्षरात. "अहो, नाव डब्यावर लिहायचं असतं, झाकणावर नाही," ही पहिल्याच दिवशी म्हणाली. मी म्हटलं, वरून बघितलं की दिसायला नको का? चौथ्या दिवशी चहात मीठ पडलं. आठव्या दिवशी हिनं मला लेकीच्या हवाली केलं.

लेक कासवांची डॉक्टर. जाळ्यात अडकलेली, गळ गिळलेली, वाहून किनाऱ्याला लागलेली कासवं तिच्या केंद्रात येतात. केंद्र म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. खाली सहा टाक्या, वर एक कार्यालय, त्याच्यावर गच्ची, आणि सगळीकडे मासळी आणि फिनेलचा मिळून एक वास, जो हिला माझ्या शर्टातून काढता येत नाही. लेकीनं मला एक जाड वही दिली. कुठल्या टाकीतल्या कासवानं किती खाल्लं, दर तासाला किती श्वास घेतले, कसं पोहलं, सगळं लिहायचं. "बाबा, तुम्हाला कुणावर तरी नजर ठेवल्याशिवाय चैन पडत नाही ना? मग यांच्यावर ठेवा."

आत्याबाई दुसऱ्या टाकीत होती. आली तेव्हा जाळ्याचा दोर तिच्या पुढच्या डाव्या पायात हाडापर्यंत रुतला होता. कासवाचा पुढचा पाय म्हणजे त्याचं वल्हं. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, ते म्हणाले, हिला इंजेक्शन देऊन मोकळं करा, तीन पायांचं कासव समुद्रात टिकत नाही. लेक म्हणाली, टिकेल. तिनं तो पाय कापला, एकटीनं, साडेतीन तास उभं राहून. नाव मी ठेवलं. माझी एक आत्या होती; कुणी नमस्कार केला तर उत्तर द्यायची नाही आणि ताटातलं सगळं चारी बाजूंनी पारखून मगच तोंडात घालायची. हीही तशीच. साहजिकच आमचं छान जमलं.

नऊ महिन्यांनी तिला सोडायचं ठरलं. तिच्याबरोबर पाचव्या टाकीतला थोरला, गळ गिळून आलेला, आता ठणठणीत. दोघांच्या पाठीवर एकेक सॅटेलाइट टॅग. साबणाच्या वडीएवढी पेटी, वर बोटभर तार. कासव श्वासासाठी वर आलं, तार पाण्याबाहेर कोरडी झाली, की पेटी वर उपग्रहाला निरोप धाडते आणि आमच्या पडद्यावरच्या नकाशात एक ठिपका उमटतो. पाण्याखाली ती गप्प. पेटीला चुंबक लावून ठेवलं की ती झोपते, काढलं की जागी होते. प्रत्येकीला नंबर. वहीत माझ्या हातानं लिहिलं आहे: आत्याबाई अडतीस, थोरला एक्कावन्न.

थोरला सहाव्या दिवशी गप्प झाला. एक्कावन्नचा ठिपका उमटेना. एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात गेला असणार, असं सगळे म्हणाले. आम्ही हळहळलो आणि कामाला लागलो.

अडतीस मात्र चाललीच होती. दिवसाला तीस, पस्तीस, एकदा तर चाळीस किलोमीटर. एक्केचाळीस दिवस सरळ दक्षिणेला, रेघ आखल्यासारखी. मोठे डॉक्टर, जे इंजेक्शन भरायला निघाले होते, ते आता पाहुण्यांना पडद्यासमोर उभं करून म्हणायचे, "आमची तीन पायांची!"

टाकीत आत्याबाईला एक फेरी मारायला किती वेळ लागायचा ते माझ्या वहीत आहे. धापा टाकणारी बाई एकदम धावण्याची शर्यत जिंकायला लागली, तर मी दाव्यावर सही करत नसे.

शिवाय शुक्रवारी समिती येणार होती. तिसऱ्या टाकीत धाकटी होती. पुढचा उजवा पाय नाही, वय कोवळं, खायला हपापलेली. आत्याबाईचा माग बघून समिती ठरवणार होती, की तीन पायांच्या कासवांना इथून पुढे सोडायचं की इंजेक्शन द्यायचं. कागदावर त्याला 'कायमची विश्रांती' म्हणतात. असे गोड शब्द आले, की मी खिसा चाचपतो.

म्हणजे अडतीसचा माग खरा असेल तर धाकटी समुद्रात जाणार, जगणार. खोटा असेल तर? खोट्या मागावर विसंबून तिला सोडली आणि ती बुडाली, तर?

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सोडण्याच्या दिवसाची गोष्ट आठवली. लेकीनं मला सात वाजता बोलावलं होतं. मी पावणेसातला पोचलो, तर गाडी किनाऱ्यावरून रिकामी परत आलेली. "भरती लवकर आली, बाबा." पण भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून भिंतीवर लागलेलं असतं. भरती कुणाच्या घरी लवकर येत नाही.

मंगळवारी दुपारी लेक टाकीत उतरलेली असताना मी कार्यालयातल्या संगणकावर फोटो उघडून बघितले. टॅग चिकटवताना ती फोटो काढते, नियमच आहे. आत्याबाईच्या पाठीवर उजव्या कडेला चंद्रकोरीसारखा एक व्रण आहे, तो मी हजार माणसांत, म्हणजे हजार कासवांत ओळखीन. फोटोत तो होता. पाठीच्या मध्यावर पेटी, गोंद अजून ओला. पेटीच्या कडेला नंबर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

एक्कावन्न.

मग थोरल्याचा फोटो. अडतीस.

हिशेब सरळ होता. धडधाकट थोरल्याच्या पाठीवर आत्याबाईचा टॅग. तो पोहणार, नाव आत्याबाईचं होणार. लेकीचा शब्द खरा ठरणार, धाकटी वाचणार. आणि बाप, ज्याची नजर नंबरावर जाते, त्याला सात वाजता बोलवायचं. स्वार्थासाठी खोटं बोलणारे मी पुष्कळ पकडले, पण चांगल्या हेतूनं खोटं बोलणारे पकडताना जीव जातो. त्यांना आपण खोटं बोलतोय हेच वाटत नसतं.

त्या रात्री जेवलो नाही. हिनं विचारलं तर पोट बिघडलंय म्हटलं. आयुष्यभर लोकांची कुंपणं तपासली आणि माझ्याच घरचं कुंपण शेत खात होतं. लहानपणी पाटीवर चुकलेलं गणित पुसण्याआधी मला दाखवायला आणणारी पोर. मला राग येत होता आणि रडूही येत होतं.

बुधवारी मी तिला गाठलं. ती कार्यालयात उभ्यानंच डबा खात होती.

"टॅग कुणी चिकटवले?" मी विचारलं.

"मी."

"दोन्ही?"

"हो. का?"

"त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?"

तिचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्ही माझी चौकशी करताय?"

समोरच्याला उत्तर द्यायचं नसतं, हा धंद्याचा पहिला नियम. "भरती लवकर आली होती म्हणालीस. भिंतीवर काय लिहिलंय?"

तिनं घास डब्यात परत ठेवला. "भरती वेळेवरच होती. तुम्हाला मुद्दाम उशिरा बोलावलं. आत्याबाई पाण्यात जाताना तुम्ही रडला असता, आणि सगळ्यांसमोर रडलात म्हणून आठ दिवस आईचं डोकं खाल्लं असतंत. आईनंच सांगितलं होतं तसं करायला."

हे इतकं खरं होतं की मला आणखीच राग आला. मी छापून आणलेले दोन्ही फोटो तिच्यापुढे आपटले. "मग हे कुणी सांगितलं होतं?"

तिनं एक फोटो उचलला. नंबर वाचला. दुसरा वाचला. मला वाटलं, आता कारणं येतील. कारणांची मला सवय आहे. तिनं डबा बाजूला ठेवला, हात धुतले, लोखंडी कपाट उघडलं आणि टॅगचे दोन रिकामे खोके टेबलावर ठेवले. पांढरे, एकसारखे. एका झाकणावर चिकटवलेलं लेबल: आत्याबाई, ३८. दुसऱ्यावर: थोरला, ५१. सुवाच्य अक्षर.

तिनं पहिला खोका उलटा केला. बुडाला कारखान्याची बारीक चिठ्ठी होती. ५१.

मला गच्ची दिसायला लागली. सोडण्याच्या आदल्या दिवशी टॅग जागे होतात का ते बघायला मोकळं आकाश लागतं, म्हणून मी दोन्ही पेट्या घेऊन वर गेलो होतो. लेकीनं सांगितलं नव्हतं, मीच हौसेनं. कठड्यावर दोन खोके, दोन पेट्या. फोनच्या पडद्यावर दोन्ही ठिपके उमटले, मी चुंबकं लावली, नंबर बघून ज्याची पेटी त्याच्या खोक्यात ठेवली. तेवढ्यात वाऱ्यानं झाकणं उडाली, पाण्याच्या टाकीखाली गेली. गुडघे टेकून ती काढली, शर्टाला पुसली आणि बसवली. कुठलं कुठे, ते पाहिलं होतं का? झाकणावर नाव होतं ना. मग आत काय आहे ते कशाला बघायचं?

"तू नंबर वाचला नाहीस?" मी ओरडलोच. "चिकटवताना? फोटो काढताना? माणूस नंबर वाचतो!"

"फोटो नियम म्हणून काढला. नंबर नाही वाचला." तिचा आवाज अगदी साधा होता. "झाकणावर तुमचं अक्षर होतं, बाबा. तुमच्या हातून गेलेली गोष्ट मी परत कशाला तपासू?"

खिडकीखाली टाकीतलं पाणी बदलायचा पंप चालू होता. थोड्या वेळानं तो बंद पडला.

मग माझ्या लक्षात आलं की हे आणखी कुणालाच माहीत नाही. आणि पुढचं वाक्य मी बोललो. मी, एकतीस वर्षं चौकशी करणारा.

"कुणाला कळणार आहे? फोटो दोनच आहेत. धाकटीचा जीव वाचतोय ना?"

लेकीनं मान वर केली. ती नजर मला ओळखीची होती. जळालेल्या गोदामाच्या मालकाकडे मी तशी बघायचो.

"सहा दिवसांनी गप्प झाली ती आत्याबाई होती," ती म्हणाली. "मेली असेल. नसेलही. मला माहीत नाही, आणि शुक्रवारी मी तेच सांगणार आहे. खोट्या मागावर मी धाकटीला पाण्यात ढकलणार नाही."

"आणि समितीनं इंजेक्शन सांगितलं तर?"

"तर मीच देईन. दुसऱ्या कुणाला देऊ देणार नाही." एवढं बोलून ती खाली टाक्यांकडे गेली. डबा तसाच राहिला.

मी एकटा बसलो. माफी मागायची तर कशाची आधी मागावी, तेच कळेना. चोरीचा आळ घेतल्याची, की चोर मीच निघालो त्याची. मला एकच काम येतं, कागद बघण्याचं. मी एक्कावन्नचे सहा दिवसांचे निरोप काढले. ते आजवर कुणी पाहिलेच नव्हते. थोरला धडधाकट, त्याच्यावर शंका कोण घेणार? मी तर सगळी शंका एकट्या अडतीसवर खर्च केली होती. आता बघतो तर पहिल्या दिवसापासून निरोप तुटक. अर्धवट, क्षीण, दिवसाला दोन-तीन. मरणारं कासव आधी नीट बोलतं आणि मग गप्प होतं. ही पहिल्यापासूनच तोंडातल्या तोंडात बोलत होती.

मग नऊ महिन्यांची वही उघडली. दुसरी टाकी. रोज माझ्याच हातानं लिहिलेली ओळ, इतक्या वेळा लिहिलेली की मी ती वाचणंच सोडून दिलं होतं: 'श्वासाला येताना डावीकडे कलते. उजवी कड वर.'

मी जिना उतरलो तो धावतच. गुडघ्यांनी नंतर त्याची वसुली केली.

"टॅग पाठीच्या मध्यावर चिकटवलास ना?" मी टाकीच्या काठावरून विचारलं.

"मध्यावरच चिकटवतात."

"चार पायांवाल्याला. ही कलून श्वास घेते. डावी कड पाण्यात. तार बाहेर येतच नसेल, किंवा निसटती येत असेल. तार कोरडी झाली नाही तर पेटी बोलणार कशी?"

तिनं वही घेतली, ओली बोटं पानांना लावत. मी काही म्हटलं नाही. बराच वेळ वाचून झाल्यावर म्हणाली, "मग सहा दिवसांनंतर अजिबातच का नाही?"

"ते मला माहीत नाही."

"हं," ती म्हणाली. त्या दिवसात ती माझ्याशी पहिल्यांदा जरा बरी बोलली.

गुरुवारी सकाळी आम्ही धाकटीच्या पाठीच्या मध्यावर पट्ट्यानं एक रिकामी पेटी बांधली, वर तार उभी केली, आणि दोघं टाकीच्या दोन बाजूंना बसलो. ती उजवीकडे कलायची. चाळीस श्वास मोजले. तार पूर्ण पाण्याबाहेर आली ती सात वेळा. मग पेटी डाव्या, उंच कडेला सरकवली. चाळीसपैकी छत्तीस वेळा. लेक मोठ्यानं आकडे सांगत होती, मी लिहीत होतो. मध्ये ही फोन करून विचारत होती की पोट कसं आहे.

शुक्रवारी समितीसमोर लेकीनं आधी चूक सांगितली. "केंद्राकडून टॅग बदलले गेले," असं म्हणाली. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा बघवेना. ते पाहुण्यांना दाखवून दाखवून थकले होते. मी मागच्या खुर्चीवरून उठलो. "केंद्राकडून नाही, माझ्याकडून. नाव झाकणावर लिहिलं होतं." समितीतल्या एक बाई गालात हसल्या. त्यांच्या घरातही कुणीतरी असणार. मग लेकीनं तुटक निरोप, वही, चाळीस श्वासांचे आकडे, सगळं पुढे ठेवलं आणि म्हणाली, "आत्याबाई जगली असं मी म्हणत नाही. मेली असं म्हणायला आपल्याकडे पुरावा नाही, एवढंच."

त्यांनी दोन तास घेतले. धाकटीला एकदा सोडून बघा, टॅग उंच कडेला लावा, आणि बाकीचं मग ठरवू, असं लिहून दिलं.

धाकटीला सोडून आज सव्वीस दिवस झाले. दिवसाला बारा-चौदा किलोमीटर, रमतगमत, कधी मागे फिरून. हा आकडा मला पटतो. एक्कावन्नची ओळ मी रोज सकाळी उघडतो. ती रिकामी असते. मी ती बंद करतो आणि मग चहा घेतो.

पण मला सांगायचंय ते धाकटीला सोडण्याच्या आदल्या दिवसाचं. नवा टॅग आला होता, नंबर चौसष्ट. लेकीनं तो मलाच तपासायला दिला. मी मागितला नव्हता. मी तो गच्चीवर नेला, ठिपका बघितला, चुंबक लावलं. नाव आणि नंबर खोक्याच्या अंगावर लिहिला, झाकण कोरं ठेवलं. जिन्यात थांबून उघडून पाहिलं. कार्यालयात पुन्हा पाहिलं. आणि खाली नेऊन तिच्या हातात दिलं.

धाकटी ओल्या फडक्याखाली फळीवर होती, पाठ घासून कोरडी केलेली. गोंद कालवून तयार होता. तो लवकर घट्ट होतो, घाई असते. लेकीनं खोका घेतला. अंगावरचं माझं अक्षर वाचलं. मग झाकण काढलं, पेटी बाहेर घेतली, खिडकीपाशी गेली, उजेडात तिरकी धरली आणि कडेचा नंबर वाचला. परत येऊन वहीत बोट ठेवून तो जुळवला.

मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं. मागच्या वेळी तिनं असं केलं नाही म्हणून मीच तिच्यावर ओरडलो होतो. शाबास म्हणायला हवं होतं. पण मला ते इतकं लागलं, की मी धाकटीच्या अंगावरचं फडकं उगाचच सारखं करत राहिलो.

"बरोबर आहे, बाबा," लेक म्हणाली, आणि तिनं गोंद घेतला.